टॅगवरची तारीख

क्रिस्टाचं पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. ते हरवलं नव्हतं. माझ्या टेबलाच्या खणात, चष्म्याच्या डबीखाली होतं, आणि चष्मा मला रोज लागतो. म्हणजे पाच महिने रोज सकाळी मी ते उचलून बाजूला ठेवत होतो.

हे लिहितानाही माझा उजवा कान वाजतो आहे. डॉक्टर म्हणाली, थांबेल. मंगळवारी गोळी सुटली, आज शुक्रवार आहे, अजून थांबलेला नाही.

क्रिस्टा ही माझ्या मित्राची, ज्युड डाबरेची मुलगी. व्हँकुव्हरला असते. पत्र इंग्रजीत, हातानं लिहिलेलं. 'अंकल, फोनवर तुम्ही नेहमी सगळं ठीक आहे म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहून विचारते. पप्पा विसरायला लागलेत का? मी विचारलं की ते जोक मारतात आणि मला काही कळत नाही. घरात ते रिव्हॉल्व्हर आहे. तुम्ही त्यांना दर रविवारी भेटता. हो किंवा नाही, एवढंच लिहा. हो असेल तर मी येऊन ते घरातून हलवायची व्यवस्था करते.' आणि सगळ्यात खाली, रोमन अक्षरांत पण मराठी, दोनच शब्द: खरं सांगा.

एका शब्दाचं उत्तर होतं. मी सात मसुदे केले. एकात लिहिलं की या वयात सगळेच थोडं विसरतात. ते फाडलं, कारण तिनं सगळ्यांबद्दल विचारलं नव्हतं. एकात 'हो' लिहिलं, पाकिटात घातलं, पत्तासुद्धा लिहिला. मग वाटलं, मी कोण? डॉक्टर आहे का? माझं स्वतःचं तरी कुठे सगळं लक्षात राहतं? आणि मित्राच्या पाठीमागे त्याच्या मुलीकडे चहाडी करायची? तेही फाडलं.

पाहिलं मात्र होतं. एका रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर ज्युडनं जेवणाच्या टेबलावर तीन ताटं मांडली. मग काही न बोलता एक उचलून परत ठेवलं. त्याची बायको सुझान जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. गाडीची किल्ली एकदा फ्रीझरमध्ये मिळाली, सुक्या बोंबलांच्या पिशवीखाली. त्यावर तो इतका हसला की मीही हसलो.

शिवाय रिव्हॉल्व्हर मोडलेलं होतं. त्याच्या मुठीतली स्प्रिंग गेल्या वर्षीच्या जूनमध्ये नेमबाजीच्या क्लबात तुटली होती आणि त्या जुन्या मॉडेलचा पार्ट कुठे मिळत नव्हता. मोडकं आहे तोवर घाई कशाला, अशी मी स्वतःची समजूत काढली. ही समजूत मला फार उपयोगी पडली. पाच महिने पुरली.

मंगळवारी सकाळी साडेनऊला ज्युडचा फोन आला.

"सिरू, पार्ट आला रे! पोस्टवाली आत्ता टाकून गेली. ये."

"कसला पार्ट?"

"रिव्हॉल्व्हरचा. दुसरा कसला? माझ्या गुडघ्याचा? ये लवकर, टॉर्च धरायला माणूस पाहिजे. आणि ते पुस्तक खाली ठेव. तुझ्याशिवाय पळून जाणार नाही ते."

पुस्तक खरंच माझ्या हातात होतं. मी ते ठेवलं, पिसं भरलेलं जॅकेट घातलं आणि निघालो. इकडे कॅनडात, विंडसरमध्ये, आमची घरं तीन गल्ल्या सोडून आहेत. वाटेत मी विचार करत होतो की आता क्रिस्टाला लिहायलाच हवं, आणि तेवढ्यात त्याचं घर आलं.

ज्युड आणि मी एकाच गावचे, वसईतल्या नंदाखालचे. तो इथे आधी आला. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं मशीन दुरुस्तीचं काम केलं. मला त्यानंच बोलावून घेतलं. मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत सूची लिहायचं काम केलं. पुस्तक न उघडताही आत काय आहे हे वाचकाला कळावं, इतकी नोंद बिनचूक असली पाहिजे, हे माझं काम. सत्तावीस वर्षं.

बेसमेंटमध्ये त्यानं सगळी तयारी केली होती. बाकावर हिरवं फडकं, त्यावर स्क्रूड्रायव्हर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. जिना उतरल्याबरोबर भिंतीला खुंटी आहे, तिथे मी जॅकेट अडकवलं. ज्युडनं एका पत्र्याच्या डब्यातून दोन लाल कुलुपं काढली आणि एक माझ्या हातात दिलं.

"दोन माणसांचं काम, दोन कुलुपं. किल्ली खिशात टाक."

ही त्याच्या कारखान्यातली पद्धत. मशीन उघडायच्या आधी त्याचा करंट बंद करायचा आणि तिथे स्वतःचं कुलूप लावायचं. दोघं काम करत असले तर दोघांची. कुलूप ज्याचं त्यानंच काढायचं, फोरमननं नाही, मालकानं नाही. ज्युड सुझानच्या मिक्सरचं पातं बदलतानासुद्धा प्लगला कुलूप लावायचा आणि ती म्हणायची, मलाही एकदा लाव, म्हणजे स्वयंपाकाला सुट्टी.

गोळ्यांचं लोखंडी कपाट भिंतीला होतं. त्याच्या कडीत आम्ही दोघांनी आपापली कुलुपं अडकवली.

"आता सगळ्या गोळ्या आत, किल्ल्या आपल्या खिशात," ज्युड म्हणाला. "आता हे फक्त लोखंड. तुला सांगितलं होतं ना त्या इटालियनचं? किल्ली खिशात घालून घरी गेला..."

"आणि अख्खी शिफ्ट दोन तास बसून राहिली. सांगितलंयस."

"पण कुलूप तोडलं नाही कोणी! त्याला घरून परत बोलावलं. पायात स्लीपर घालून आला." तो हसला. "चल. टॅग वाच."

रिव्हॉल्व्हरच्या चापाला कायद्यानं लागतं ते कुलूप होतं आणि त्याला दोरीनं पिवळा पुठ्ठ्याचा टॅग बांधलेला होता. ही पुन्हा कारखान्याचीच रीत. ज्यानं बंद केलं त्यानं काय अवस्थेत बंद केलं ते लिहून सही करायची. उघडलं की जुना टॅग फाडायचा, पुन्हा बंद करताना नवा लिहायचा. ज्युडचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी चष्मा नाकावर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं.

"रिकामं. तपासलं. ज्युड डाबरे. बारा ऑक्टोबर, दोन हजार एकोणीस."

"करेक्ट," ज्युड म्हणाला. टॅग सोडवून त्यानं बाकाच्या कोपऱ्यात ठेवला.

मी तारीख वाचली. माझ्या तोंडानं वाचली. स्प्रिंग तुटली ती गेल्या वर्षी, हे मला माहीत होतं. मधल्या काळात तो कितीतरी शनिवार क्लबात गेला होता, हेही माहीत होतं. एकोणीस सालचा टॅग गेल्या वर्षीच्या जूनबद्दल काय सांगणार? सूचीत एखादी तारीख चुकली तर मी अख्खं कपाट तपासायचो. आणि इथे मी वाचून मान डोलावली.

त्यानं चापाचं कुलूप काढलं, रिव्हॉल्व्हर कानाजवळ नेऊन चाप ओढला. आतून काही आवाज आला नाही. "बघ. डेड," तो म्हणाला. मग मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या. आत तुटक्या स्प्रिंगचा तुकडा होता. मी टॉर्च धरली. माझा हात थरथरत होता, त्याचा नाही. हेच मला बघत राहावंसं वाटलं. रविवार की सोमवार हे ज्या माणसाला मला सांगावं लागतं, त्याची बोटं एकेक स्क्रू न बघता ओळखत होती. एक स्क्रू घरंगळला तर तो खाली पडायच्या आत त्यानं तळहातावर झेलला.

"धर नीट. माझ्यावर कशाला मारतोस? मी काय पोलीस स्टेशनात बसलोय?"

मी टॉर्च खाली केली. आणि मनातल्या मनात पत्र लिहू लागलो. खरंच. 'प्रिय क्रिस्टा, उशिराबद्दल क्षमा कर. नाही. तुझे पप्पा ठणठणीत आहेत. आज त्यांचे हात पाहिले असतेस तर...' पाच महिन्यांत पहिल्यांदा वाक्यं आपोआप येत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ गुणगुणलो.

नवी स्प्रिंग बसली. मूठ बसली. फडक्यानं पुसून ज्युडनं रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरलं आणि एक डोळा मिटला.

"तुझ्या जॅकेटचं तिसरं बटण," तो म्हणाला.

"माझं एकच जॅकेट आहे."

"म्हणून तर!"

त्यानं चाप ओढला. टक्. स्वच्छ, कोरडा आवाज. त्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस? काय आवाज आहे!" पुन्हा ओढला. टक्.

तिसऱ्यांदा जे झालं त्याला आवाज म्हणता येणार नाही. कोणीतरी माझ्या दोन्ही कानांवर एकाच वेळी फळी मारावी तसं झालं. टॉर्च माझ्या हातातून कधी पडली कळलं नाही. जळका, आंबूस वास आला. आणि मग मी पाहिलं की बेसमेंटमध्ये बर्फ पडतो आहे. पांढरं, हळूहळू, दिव्याच्या उजेडात गिरक्या घेत. मी बघतच राहिलो. ती माझ्या जॅकेटमधली पिसं होती.

जॅकेट खुंटीवर हलत होतं. पाच-दहा मिनिटांपूर्वी मी त्याच खुंटीपाशी उभा होतो, खिशातून रुमाल काढायला. छातीवर भोक होतं. तिसऱ्या बटणाच्या बोटभर डावीकडे.

ज्युड जिन्याकडे तोंड करून ओरडला. माझे कान बंद झाले होते, तरी ते ऐकू आलं.

"सुझान! काही नाही गं! घाबरू नको, काही नाही!"

मग तो थांबला. जिन्याकडे बघत राहिला. वरून कोणी काही म्हटलं नाही. त्यानं रिव्हॉल्व्हर फडक्यावर ठेवलं, गोळ्यांची चक्री उघडली आणि सुटलेल्या गोळीचं रिकामं पितळी टोपण तळहातावर पाडलं. एकच होतं.

"मी तपासलं होतं," तो म्हणाला. "टॅगवर आहे."

"टॅग एकोणीस सालचा आहे, ज्युड."

त्यानं टॅग उचलला. ओठ हलवत वाचला. "त्या दिवशी क्लबात..." तो म्हणाला आणि अडखळला. "शेवटची एकच घातली होती, ती उडालीच नाही. स्प्रिंग गेली. ती काढायला पाहिजे होती. मी काढली असेल. मी नेहमी काढतो. नवा टॅग लिहिला असेल." तो बाकाचे खण उघडून बघू लागला. नवा टॅग नव्हता. जुनाच पुन्हा बांधला होता त्यानं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा कर."

तो वर गेला. मी गोळ्यांच्या कपाटाशी गेलो, माझं कुलूप काढलं. त्याच्या कुलपाची किल्ली खिशात न टाकता त्यानं बाकावरच ठेवली होती, तिनं तेही काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. कोमट होतं. चक्रीतलं एकेक भोक दिव्यासमोर धरून पाहिलं, दोनदा. चापाचं कुलूप लावलं, कपाटात गोळ्यांच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि कडीत दोन्ही कुलुपं पुन्हा लावली. माझी किल्ली खिशात टाकली. मग मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. वीस मिनिटं असतील, अर्धा तास असेल. मी स्वतःला समजावत होतो. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो. सुझानला हाक मारली तर काय झालं, चाळीस वर्षांची सवय. टॅग बदलायचा राहिला, ती चूक कोणाकडूनही होते. एवढ्याशा चुकीवरून...

ज्युड दोन कप घेऊन जिना उतरला. माझ्या बाजूनं खाली येऊन थांबला आणि खुंटीकडे पाहू लागला.

"अरे सिरू, हे काय रे?" तो म्हणाला. कप त्यानं कठड्यावर ठेवले, भोकात बोट घातलं. एक पीस त्याच्या नखाला चिकटून आलं. "कशात अडकवलंस? नवंकोरं जॅकेट! काय हा माणूस. रस्त्यात चालताना पण वाचत असशील."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत असेल, आता हसेल, म्हणून मी वाट बघितली. तो फक्त माझ्याकडे बघत होता, थोडा रागावलेला, मोठ्या भावासारखा.

"आण इकडे, टेप लावून देतो. आणि मग सुरू करू. पार्ट आलाय ना. टॉर्च घे."

गोळीनं मला जेवढं हादरवलं नव्हतं तेवढं त्या शब्दांनी हादरवलं. आणि गंमत अशी की त्याच क्षणी मला अगदी स्पष्ट दिसलं, की हे मला जूनमध्येच माहीत होतं.

"ज्युड, बस," मी म्हणालो.

"चहा गार होईल."

"होऊ दे. बस. पार्ट बसवून झालाय. तू बसवलास, सुंदर बसवलास. आत एक गोळी राहिली होती. ती सुटली. ते भोक तिचं आहे."

तो हसायला लागला, मग माझा चेहरा पाहून थांबला. मी त्याला ते पितळी टोपण दाखवलं. टॅग दाखवला. जॅकेटच्या मागे भिंतीला पडलेलं भोक दाखवलं. त्यानं ते बोटानं चाचपलं, सगळं एकेक करून, मशीनमधला बिघाड शोधावा तसं.

"कोणी उडवली?" त्यानं विचारलं.

मी उडवली, असं म्हणावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं.

"तू. आणि टॅग मी वाचला."

तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून. मग हळूच म्हणाला, "तू तिथे उभा असतास तर?"

"नव्हतो."

"असतास तर?" आणि थोड्या वेळानं, "क्रिस्टाला सांगू नको."

"तिनं विचारलंय. पत्र आलंय तिचं. जूनमध्ये."

"तुला? मग तू काय लिहिलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही?" तो माझ्याकडे वळला. "जन्मभर पुस्तकांत बसलास, आणि पोरीला चार ओळी लिहिता आल्या नाहीत तुला?"

"नाही आल्या."

मला वाटलं तो चिडेल. तो उठला, कपाटाकडे गेला. कडीतली दोन कुलुपं हातात घेऊन पाहिली. स्वतःचं ओळखलं. दुसरं उलटसुलट केलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

"आत काय आहे?"

"रिव्हॉल्व्हर. मी माझं कुलूप काढणार नाही, ज्युड."

त्यानं कडी दोनदा ओढून बघितली. तो पावणेसहा फुटांचा आहे, बाकावर त्याचा कुलूप कापायचा कटरसुद्धा पडला होता. पण त्यानं हात मागे घेतला.

"मग संपलं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं कुलूप तोडत नाहीत. पण तू मेलास तर? तुझी तब्येत काय, वाऱ्यानं उडशील."

"म्हणून किल्ली क्रिस्टाला पाठवतोय."

त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला. "वर चल," तो म्हणाला. "इथे अंधार आहे. कागद वर आहे."

स्वयंपाकघराच्या टेबलावर मी लिहिलं. मसुदा केला नाही. 'प्रिय क्रिस्टा, हो. तुझं पत्र जूनमध्ये मिळालं होतं आणि तेव्हाही उत्तर हेच होतं. आज सकाळी रिव्हॉल्व्हर दुरुस्त करताना पप्पांच्या हातून गोळी सुटली. कोणाला लागली नाही. अर्ध्या तासानं त्यांना ते आठवत नव्हतं. रिव्हॉल्व्हर आता कपाटात आहे, कपाटाला माझं कुलूप आहे, त्याची ही किल्ली. मी ती परत मागणार नाही. तू ये. तू येईपर्यंत मी रोज इथे आहे, रविवारीच नाही. आज संध्याकाळी फोनही करीन आणि या वेळी ठेवून देणार नाही. पण हे तुला लिहूनच द्यायचं होतं. सिरील.'

ज्युड मला जॅकेटला टेप लावून देत होता. चंदेरी टेपचा चौकोन, कडा नखानं दाबून बसवलेल्या. मान वर न करता तो म्हणाला, "वाच."

मी वाचलं. त्यानं सगळं ऐकलं.

"लिही की गाडीला विंटर टायर चढवून झालेत. नाहीतर तिला वाटेल मी अगदीच कामातून गेलोय."

मी लिहिलं.

"तारीख घातलीस?"

घातली नव्हती. मी घातली, सालासकट. त्यानं कागद माझ्याकडून घेतला, तारखेवर बोट ठेवून पाहिलं, फ्रिजवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं, आणि परत दिला. खणात गेल्या नाताळचे मदर मेरीचे स्टँप होते, त्यातले दोन लावले, किल्लीचं वजन म्हणून.

कोपऱ्यावर औषधाच्या दुकानापाशी पोस्टाची लाल पेटी आहे. आम्ही दोघं चालत गेलो. वारा नदीवरून येत होता आणि टेपच्या कडेनं थोडा आत शिरत होता. अर्ध्या वाटेवर ज्युडनं विचारलं, "कोणाचं पत्र?"

"क्रिस्टाचं. तिला उत्तर."

"अच्छा. टायरचं लिहिलंस ना?"

"लिहिलं."

मी पेटीचं झाकण ओढलं आणि पाकीट सोडलं. आत किल्ली तळाशी आपटल्याचा आवाज आला; माझ्या डाव्या कानाला आला. मी वळलो. ज्युड तिथेच होता. त्यानं झाकण पुन्हा उघडलं, वाकून आत पाहिलं, आणि मग बंद केलं.